रंगवलेला मासा कसा ओळखायचा आणि घरी आलाच तर काय करायचं

रंग चढवायचा तर आधी खळ काढावी लागते, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. मागावरून उतरलेला कोरा टॉवेल पाण्यात टाकून बघा, कितीतरी वेळ नुसता तरंगत राहील. त्याच्यावर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेण असतं. ते सगळं उकळून काढायचं, फिकट शेड पाहिजे असेल तर ब्लीच करायचं, मग रंगाच्या पाण्यात सोडायचं, शेवटी रंग पक्का करून धुऊन काढायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी बावीस वर्षं हेच केलं.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत भाच्यानं हट्ट धरून पाच मासे घेतले. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंग काचेसारखं आरपार, आणि पाठीवर-पोटावर गुलाबी, हिरव्या, निळ्या रेघा. "डिस्को फिश हाय मालक, इम्पोर्टेड," विकणारा म्हणाला. घरी येऊन पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली आणि धंद्याची नजर तिथंच अडकली. रंग सारखा बसला नव्हता. एका माशाची डावीकडची रेघ कल्ल्यापासून निघत होती, उजवीकडची पार अर्ध्या अंगातून. दुसऱ्याच्या रेघेच्या टोकाला रंगाचा बारका गोळा साचला होता. शेड मारताना रंग नीट विरघळला नाही की टॉवेलावर ठिपका पडतो, अगदी तसा. असला माल आमच्याकडं मास्टरनं सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात काढला असता.

पाचातले तीन महिन्याभरात गेले. उरलेल्या दोघांच्या निमित्तानं जे वाचलं, विचारलं आणि चुकत चुकत शिकलो ते इथं एका ठिकाणी लिहितो.

आधी, हे करतात कसं

तो मासा म्हणजे ग्लास फिश. मूळचा आपल्याच भागातला, भारत-बांगलादेशातल्या ओढ्यांत, तळ्यांत, भातखाचरांत राहणारा. अंगाला रंग जवळपास नाहीच, किंचित पिवळसर झाक. रंग नाही म्हणून तर तो या धंद्याला सापडला. बारीक सुई घेऊन कातडीखाली रंग सोडतात, आणि एका जागी टोचून रेघ उठत नाही म्हणून पुन्हा पुन्हा टोचतात. सुई आपल्या हातात बारीक दिसते. मासा पाच सेंटिमीटरचा, त्याच्या अंगाच्या मानानं ती सुई म्हणजे आपल्याला पेन्सिल खुपसण्यासारखी. शिवाय एकच सुई पुढच्या माशाला, त्याच्या पुढच्याला.

सुईतून आजार पसरतो तो असा. लिम्फोसिस्टिस नावाचा एक विषाणू आहे. तो लागला की परांवर, अंगावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी येतात. १९९७ साली दक्षिण इंग्लंडमधल्या दुकानांतले रंगवलेले ग्लास फिश तपासले, तेव्हा ४० टक्क्यांहून जास्त माशांवर त्याची लक्षणं सापडली. आमच्या गेलेल्या तिघांपैकी दोघांच्या शेपटीवर अशाच गाठी होत्या. मला आधी ती बुरशी वाटली आणि मी निळं औषध ओतत बसलो. विषाणूवर त्याचा काय उपयोग होणार!

दुसरी पद्धत बुडवून रंगवायची, आणि ती वाचताना मला आमचं डाय हाऊस, म्हणजे कापड रंगवायचा कारखानाच दिसत होता. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, हातात धरला की निसटतो तो त्याच्यामुळंच. तो थर म्हणजे माशाची ढाल, जंतू आत येऊ देत नाही आणि अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळतो. तीव्र रसायनात बुडवून आधी तो थर काढतात, मग रंगात बुडवतात, मग अंगाला झोंबेल अशा तिसऱ्या पाण्यात टाकतात, म्हणजे थर घाईघाईनं पुन्हा धरतो आणि रंग आत कोंडला जातो. खळ काढणं, रंगवणं, पक्का करणं. क्रम आमचाच आहे, फक्त इथं हौदात टॉवेल नाही.

याशिवाय लेसरनं अंगावर अक्षरं, बदाम, फुलं गोंदतात. पॅरट माशाची शेपटी लहानपणीच छाटून त्याचा बदामाचा आकार करतात. काही जातींना नराची संप्रेरकं खाऊ घालून पिल्लांवर मोठ्या नराचे रंग आणतात. तो रंग काही महिन्यांत उतरतो आणि मासा बऱ्याचदा वांझ राहतो.

"माशाला काय कळतंय" असं म्हणणारे भेटतात. २००३ साली स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून बघितलं होतं. ते मासे काही तास खायचे थांबले, तळाशी डोलत राहिले, आणि आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. त्यांच्या डोक्यात वेदना टिपणाऱ्या नसाही सापडल्या. आम्ल अंगावर उडाल्यावर कसं होतं हे डाय हाऊसच्या माणसाला सांगायला नको. मला तेवढं पुरे झालं.

पायरी १: काचेसमोर पाच मिनिटं उभं राहा

दुकानात गेलात की लगेच "तो द्या, हा द्या" करू नका. निळा दिवा लावलेला असेल तर आधी पांढरा लावायला सांगा. निळ्या दिव्याखाली सगळंच चमकतं, पांढरी साडीसुद्धा.

पहिली खूण अंगाचा मूळ रंग. फिकट शेड मारायला कापड आधी पांढरं लागतं, तसंच इथं. रंगवायला मासा पांढरा, आरपार किंवा अल्बिनो लागतो. म्हणून पांढरट अंग, त्यात लाल डोळे, आणि वर कुठं तरी गुलाबी-निळा पट्टा दिसला की शंका घ्या. तळाशी फिरणारे अल्बिनो कोरी, अल्बिनो शार्क, टिनफॉइल बार्ब यांच्यात हे फार चालतं.

दुसरी खूण डावी-उजवी बाजू. मासा वळेपर्यंत थांबा. जन्मजात रंग दोन्ही अंगांना बहुतेक जुळतो, सुईचा जुळत नाही. एकाच टाकीतल्या दहा माशांच्या रेघा दहा ठिकाणी असतील तर विषय संपला. अंग रंगीत आणि पर कोरे, हेही तसंच.

विडो टेट्रा ओळखायचा सोपा. खरा विडो चंदेरी, कल्ल्यामागं दोन काळे उभे पट्टे आणि मागचं अंग काळसर. त्याचाच एक पांढरा प्रकार असतो, तोही खरा. पण आइसक्रीमच्या दुकानासारखे स्ट्रॉबेरी, पिस्ता, जांभूळ असे विडो एका टाकीत दिसले तर ते बुडवून काढलेले.

पॅरटचं जरा वेगळं आहे. हा मासाच मुळी संकरातून झालेला, १९८० च्या दशकात तैवानात. त्याचं तोंड नीट मिटत नाही, खाणं घशातल्या दातांनी चिरडावं लागतं. तो घ्यावा का हा वेगळा वाद आहे, मी घेत नाही. पण केशरी, लाल, पिवळा पॅरट बहुधा रंगवलेला नसतो. जांभळा, निळा, पोपटी पॅरट हमखास रंगवलेला.

आता "ग्लो" माशांबद्दल, कारण इथं खूप घोटाळा होतो. जेलीफिशसारख्या जिवाचं जनुक घालून चमकणारा झेब्रा डॅनियो सिंगापूरच्या विद्यापीठात १९९९ मध्ये तयार झाला आणि २००३ च्या शेवटी अमेरिकेत विकायला आला. गंमत म्हणजे झेब्रा डॅनियो मूळचा आपल्याकडचाच. नंतर टेट्राही आले. यांचा रंग जन्माचा असतो, परांसकट सगळं अंग सारखं चमकतं आणि तो रंग पिल्लांतही उतरतो. म्हणजे सुईचा प्रश्न नाही. पण जनुक बदललेला कुठलाही जीव आयात करायला किंवा विकायला आपल्याकडं १९८९ च्या नियमांखाली केंद्राची मंजुरी लागते. दुकानदाराला त्याबद्दल विचारा, बहुतेक वेळा समोरून नुसतं हसू येतं. आणि "हा ग्लो आहे, रंगवलेला नाही" असं सांगून बुडवलेले विडोही खपवतात. परांकडं बघा.

पायरी २: दुकानदाराला एकच प्रश्न

"रंग नैसर्गिक आहे का?" असं विचारू नका. उत्तर "होय" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "अण्णा, याची पिल्लं याच रंगाची होतात का?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देणं अवघड जातं. एक तर तो अडखळतो, नाही तर "पिल्लं कोण काढतंय घरी" म्हणतो. दुसरा प्रश्न, "सहा महिन्यांपूर्वी आलेला यातला एखादा आहे का दुकानात?" रंगवलेल्या माशाचा रंग साधारण सहा ते नऊ महिन्यांत उतरायला लागतो, म्हणून जुना माल दाखवायला सहसा नसतोच.

भांडू मात्र नका. आपल्या गावातल्या दुकानदाराकडं माल येतो कोलकात्याहून, चेन्नईहून, पुण्या-मुंबईच्या होलसेलवाल्यांकडून. थर्माकोलच्या खोक्यावर जे नाव लिहिलेलं असेल तेच तो तुम्हाला सांगतो. सात रस्त्याकडच्या एका दुकानात मी पहिल्या दिवशी आवाज चढवला. दुकानदार म्हणाला, "काका, गिऱ्हाईक मागतंय ते ठेवतो. तुम्ही साधा मागा, साधा आणतो." त्याचं चूक नव्हतं. साधे ग्लास फिश कुणी मागत नाही म्हणून येत नाहीत. मी सहा सांगितले आणि पैसे आगाऊ दिले. तीन आठवड्यांनी आले, रंगवलेल्याच्या निम्म्या भावात.

पायरी ३: रंगवलेला मासा घरी आलाच असेल तर

फेकू नका. संडासात सोडू नका. आणि कृपा करून सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा हिप्परग्याला "मोकळा" करायला नेऊ नका. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात काय करतो हे बघायचं तर उजनी धरणात बघा. भिगवणला आपण चवीनं खातो तो चिलापी मूळचा आफ्रिकेतला.

नव्या माशाला आधी वेगळं ठेवायचं, किमान तीन-चार आठवडे. त्यासाठी महागडी टाकी लागत नाही, वीस-पंचवीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर आणि झाकायला जाळी पुरते. स्पंज आधी चालू टाकीत महिनाभर ठेवून मुरवलेला असला तर उत्तम, कारण माशाच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच वाढतात. कोऱ्या फिल्टरला ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज थोडं पाणी बदलत राहावं लागतं.

पाण्याचं नीट सांगतो, कारण बहुतेक मासे आपल्याकडं पाण्यानंच मरतात. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी क्लोरीनचा वास भपकन येतो, आणि नेमकं त्याच दिवशी आपण टाकी साफ करायला काढतो. माझ्या तिसऱ्या माशाचा जीव बहुधा असाच गेला. नळाचं पाणी उघड्या बादलीत किमान चोवीस तास ठेवा, त्यात हवेचा पंप सोडला तर आणखी बरं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेत तेवढेच. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या सोसायटीच्या टाकीतलं पाणी थेट कधीच नको. बोअरचं पाणी चालतं, फक्त ते जड असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त. ग्लास फिशला जड पाणी मानवतं, म्हणून घाबरायचं कारण नाही.

पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टबातलं पाणी आत घाला, अर्धा तास. नंतर जाळीनं मासा उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. दुकानातला आजार त्या पाण्यातून घरात येतो.

पहिले दोन दिवस दिवा बंद, खाणं नाही किंवा अगदी चिमूटभर. बुळबुळीत थर घालवलेल्या माशासाठी लिटरला १ ग्रॅम खडेमीठ पुरतं, आधी मगभर पाण्यात विरघळवून मग हळूहळू. कोरी जातीचा मासा असेल तर मिठाच्या बाबतीत हात आखडता ठेवा, त्याला ते सोसत नाही. गाठी दिसल्या तर कात्री, सुई काही लावायचं नाही. त्यावर औषध नाही, पण पाणी स्वच्छ राहिलं आणि मासा खात राहिला तर काही आठवड्यांत त्या बहुधा आपोआप जातात. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पूर्ण कधीच नाही.

ग्लास फिश डब्यातलं सुकं पापडीसारखं खाद्य सहज खात नाही. आमचे दोघं चार दिवस तिकडं ढुंकून बघत नव्हते. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, कोमट पाण्यात सोडून दिले तेव्हा पहिल्यांदा झडप घातली. हा मासा लाजरा, एकटा-दुकटा ठेवला की कोपऱ्यात दबून राहतो. पाच-सहांचा घोळका आणि मागच्या बाजूला दाट झाडं लागतात.

आणि आपला उन्हाळा. पारा ४२-४३ ला गेला की टाकीतलं पाणी ३२ च्या वर सहज जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. बर्फ टाकू नका, तापमान झटक्यात उतरतं. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं दोन-तीन अंश सहज उतरतात, माठासारखंच. त्यानं पाणी भराभर आटतं आणि क्षार मागं राहून पाणी आणखी जड होतं, म्हणून आटलेली भर आरओच्या पाण्यानं करा. दुपारी वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप हाताशी हवा. आमच्याकडं दोन आहेत, कारण पहिल्याचा सेल ऐन वेळी संपलेला निघाला होता.

पायरी ४: रंग पाहिजेच असेल तर

पोरांना रंग पाहिजे असतो, त्यात चूक काही नाही. सोलापूरच्या जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल मजेत वाढतात. गप्पीच्या दोन नरांची शेपटी कधी एकसारखी नसते, आणि डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभागाकडून फुकटही मिळतो. गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या हौदात सापडेलच. भारतातलाच रोझी बार्ब घ्या. विणीच्या वेळी नर असा तांबूस होतो की कुठला डाय मास्टर ती शेड काढू शकणार नाही. झेब्रा डॅनियो घ्या, साधा, पट्ट्यांचा. निऑन टेट्रा टाळा. त्याचा निळा पट्टा अस्सल आहे, कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परतून तो निळा दिसतो, रात्री मंदही होतो. पण त्याला मऊ पाणी लागतं, आपलं नाही.

रंग खुलवणारं खाद्य वाईट नसतं. माशाला पिवळा-केशरी रंग स्वतः तयार करता येत नाही, तो खाण्यातूनच घ्यावा लागतो, म्हणून स्पिरुलिना किंवा ॲस्टाझँथिन असलेली गोळी बिनधास्त द्या. तो रंग धरायची जागा माशाच्या अंगात असतेच, खाद्यानं तो फक्त उजळतो.

पायरी ५: तक्रार करायची तर

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव, म्हणजे मासाही आला. कलम ११ मध्ये अपायकारक पदार्थ देणं, अवयव छाटणं आणि अशा छळानं वेदना सोसणारा प्राणी विकायला ठेवणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. पक्कं बिल घ्या, त्यावर माशाचं नाव लिहून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो पांढऱ्या उजेडात काढा, आणि लेखी अर्ज पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडं द्या. पोच घ्यायला विसरू नका.

पण खरं सांगतो, पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका डिस्को फिशची किंमत त्याहून जास्त. त्यामुळं मी अर्जाआधी पायरी २ करतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या दुकानात जाऊन "साधे ग्लास फिश आलेत का" विचारतो, घ्यायचे नसले तरी. शेजारच्यांनाही विचारायला लावतो. आता त्याच्याकडं एक टाकी कायम साध्यांची असते.

गड्ड्यातले उरलेले दोघं त्या सहांत मिसळून गेलेत. आठव्या महिन्यात हिरवी रेघ गेली, गुलाबी अजून कल्ल्यामागं पुसट आहे, नीट बघितलं तरच कळते. भाच्याचा मित्र परवा आला, काचेला नाक लावून म्हणाला, "रंगीत होते ते कुठं गेले बे?" भाचा टाकीकडं न बघताच म्हणाला, "त्यातच हायत. काटे मोज, सगळे दिसतात."